काळ्या गाडीवरचं जाळं : मशीन पॉलिश करावं की राहू द्यावं?

रामबागी

मुद्दा आधीच सांगून टाकतो. काळी, गडद निळी किंवा मरून गाडी असेल तर तिला एकदा नीट, मोजूनमापून मशीन पॉलिश करावं. त्यानंतर मात्र वर्षानुवर्षं मशीन तिच्या जवळ फिरकू देऊ नये. आपल्या इंदुरात नेमकं उलटं चालतं. दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घ्यायचं आणि उरलेलं वर्ष कोरड्या फडक्याने धूळ झटकायची.

जाळं म्हणजे काय हे बघायचं असेल तर भर दुपारी काळ्या बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब शोधा. त्याच्याभोवती बारीक रेघांची गोल वलयं दिसतील. तुम्ही बाजूला सरकलात की वलयंही सरकतात, कारण रेघा मुळात गोल नसतातच. त्या वाटेल तशा आडव्यातिडव्या गेलेल्या असतात. ज्या नेमक्या तुमच्या डोळ्यांकडे उजेड फेकतात तेवढ्याच चमकतात. पांढऱ्या गाडीवरही रेघा तितक्याच असतात, पण तो रंग स्वतःच इतका उजेड परत देतो की त्या त्यात हरवतात. काळा रंग जवळजवळ काहीच परत देत नाही, मग प्रत्येक रेघ बोलते. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात यातलं काही दिसत नाही. म्हणूनच दुकानातून गाडी ताब्यात घेताना ती ‘एकदम काच’ वाटते.

आता मापं. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. जाळं असतं ते याच थरात. पॉलिशने रेघ भरून येत नाही. रेघेचा तळ जिथे आहे तिथवर आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, पॅड फिरता फिरता डगमगवणारं) मशीन, मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश वापरलं तर एका वेळेला साधारण एक-दोन मायक्रॉन जातात. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (जास्त कापणारं खरखरीत पॉलिश) लावलं की हिशेब वाढतो. उन्हापासून रंग वाचवणारी रसायनं याच थरात असतात, त्यामुळे हा साठा जपूनच वापरायचा.

बोला आता.

जिरावण

रामबागी, तुमच्याच आकड्यांनी तुमची केस पडते. थर मर्यादित आहे, घासलेला परत येत नाही आणि सहा महिन्यांत जाळं पुन्हा येणार. मग एक मायक्रॉन तरी का खर्च करायचा?

माझी काळी सेडान जशी आहे तशी आहे. मेट्रोच्या कामाची धूळ, बायपासवरच्या डंपरांची रेती, रंगपंचमीच्या गेरचा (मिरवणुकीचा) गुलाल, सगळं तिच्यावर बसतं. दहा फुटांवरून छान दिसते. वाकून, टॉर्च मारून बॉनेट तपासणारा पाहुणा माझ्याकडे अजून आलेला नाही. गाडी चालवायला घेतली, त्यात भांग पाडायला नाही.

रामबागी

जिरावणभाऊ, “जाळं पुन्हा येणारच” हे तुम्ही धरून चालला आहात. ते आकाशातून पडत नाही. रेतीतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण, क्लिअर कोटची काय कथा! धूळ बसल्याने काही होत नाही. तीच धूळ कोरड्या फडक्याखाली रगडली की रेघ पडते. धुण्याची पद्धत बदलली तर जाळं सहा महिन्यांत येत नाही. पद्धत बदलायची नसेल तर पॉलिश करू नका, हे मी स्वतःच म्हणतो.

गुलालाचंही तेच. आधी नळीने सोडून द्यायचा, पुसायचा नंतर. गेरहून परत आल्यावर आपले लोक पहिलं काम काय करतात? हाताने झटकतात.

पेंटबूथ

मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला माणूस. दोघांनाही थोडं थोडं सुनावतो.

डीए म्हणजे देव आणि रोटरी म्हणजे राक्षस, असं आजकाल व्हिडिओ बघून झालंय. नव्या रंगावर दोन हजार नंबरचा घासपेपर मारल्यावर त्याच्या खुणा काढायला मी आजही रोटरीच घेतो. रोटरी एकाच अक्षावर गरगर फिरते, कापते जोरात आणि तापतेही जोरात. डीएचं पॅड फिरता फिरता डगमगतं, म्हणून एका जागी तेवढी उष्णता साठत नाही. नवशिक्यासाठी डीए बरं, हे कबूल. पण वाईट काम मशीन करत नाही, ते धरणारा पोरगा करतो. दिवाळीच्या गर्दीत एका गाडीला तासभर मिळतो. तो लोकरी पॅड लावून दणादण फिरवतो, वरून चमक आणणारं काहीतरी फासतो आणि गाडी बाहेर. दुसऱ्या दिवशी उन्हात काळ्या दारावर धुरासारखे लांबलचक पट्टे हलताना दिसतात. त्याला होलोग्राम म्हणतात आणि तो रोटरीचाच. शेवटचा हात बारीक पॉलिशने नीट मारला असता तर राहिला नसता.

रामबागी, तुमच्या ‘मोजूनमापून’बद्दलही बोलतो. रंगाची जाडी मोजणारे आपल्याकडचे नेहमीचे गेज सगळे थर मिळून आकडा देतात. क्लिअर कोट किती उरलाय हे त्यात कळत नाही. बॉनेटवर ११५ आणि दारावर २५० आलं तर दार पुन्हा रंगवलेलं आहे एवढं समजतं. पाचशेच्या वर गेलं तर खाली बहुधा पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर तर हे गेज चालतच नाहीत. तिथे उष्णताही लवकर पसरत नाही आणि सगळ्यात जास्त गाड्यांचा रंग तिथेच जळतो. त्यामुळे गेज खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कडांना आणि बॉनेटच्या उठावदार रेषांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावा.

पलासियाकर

‘वरून चमक आणणारं काहीतरी’ यावर माझी कहाणी. एका दुकानात जाळं काढण्याचं पॅकेज घेतलं. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. घरी आणली तेव्हा गाडीत तोंड बघून दाढी करता आली असती. दोन-तीनदा धुतली आणि जाळं जसंच्या तसं हजर! जाऊन विचारलं तर म्हणे, “सर, आपने गलत शॅम्पू लगाया.” म्हणजे शॅम्पूने रेघा पाडल्या, त्याही जुन्याच जागी!

रामबागी

पलासियाकर, तुमच्या रेघा कापल्याच नव्हत्या, तेला-मेणाने भरल्या होत्या. असं ग्लेझ प्रामाणिकपणे सांगून लावलं तर त्यात वाईट काही नाही. लग्नाच्या वरातीसाठी गाडी चमकवायची असेल तर तेच करावं, क्लिअर कोट खर्च होत नाही. फसवणूक आहे ती त्याला ‘करेक्शन’ म्हणून विकण्यात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पॉलिश झालं की पैसे देण्याआधी त्या जागेवर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायला सांगा आणि गाडी उन्हात काढा. वरचं तेल निघून जातं, खरा पृष्ठभाग समोर येतो. काम खरं असेल तर दुकानदार हे हसत करतो. टाळाटाळ करू लागला तर समजा.

सुदामानगरच्या काकू

माझी गडद निळी छोटी गाडी आहे, म्हणून वाचत बसले. तुम्ही सगळे ‘धुण्याची पद्धत’ म्हणता, पण गाडी धुतं कोण? आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा सकाळी साडेपाचपासून सगळ्यांच्या गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीचा चिखल शेवटच्या गाडीपर्यंत पोचतो, हे मलाही दिसतं. पण बाकीचे लोक त्याच्यावरच खेकसतात, हे काही बरोबर नाही. फडकं त्याला देतं कोण? आपणच, जुन्या बनियनचं! नर्मदेचं पाणी येतं एक दिवसाआड, त्यात तो दुसरी बादली आणणार कुठून?

मी त्याला दोन मायक्रोफायबर घेऊन दिले, खालच्या भागासाठी वेगळा आणि वरच्यासाठी वेगळा. आणि सांगितलं की माझी गाडी रोज पुसायची नाही. धूळ असली तर असू दे, रविवारी पाण्याने धू. पैसे तेवढेच. त्याला वाटलं काकू रागावल्या.

जिरावण

काकू, तुम्हाला साष्टांग. एवढ्या धाग्यात कामाचं एवढंच निघालं, आणि त्यात मशीन कुठेही नाही.

नाइन-एच

सिरॅमिक कोटिंग करून टाका, विषय संपला. नाइन-एच हार्डनेस, रेघ पडतच नाही. मी स्वतः करून घेतलंय, पाण्याचा थेंब ठरत नाही.

पेंटबूथ

भिया, थेंब ठरत नाही हे खरं, धुणं सोपं होतं हेही खरं. पण ते नाइन-एच पेन्सिलीचं माप आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, मऊ बी पासून कडक एच पर्यंत, त्यातली सर्वांत कडक पेन्सिल दाबून ओढली तरी ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेतीचा कण पेन्सिलीचं शिसं नसतो. जाळं कोटिंगवरही पडतं. आणि जाळं न काढता कोटिंग केलं तर खालचं जाळं तसंच राहतं. ते काढायचं ठरलं की आधी कोटिंग घासून काढा, मग पॉलिश करा. खर्च दुप्पट. बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं तर त्याचे पांढरे डाग कोटिंगवरही बसतात.

लोकमान्यनगरकर

एक व्यवहाराचा प्रश्न. मशीन मित्राकडून आणून घरीच करावं म्हणतो. काळी हॅचबॅक, जाळं भरपूर, एका दारावर किल्लीचा ओरखडाही आहे. पार्किंगला छप्पर आहे.

रामबागी

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो सोडून द्या, पॉलिशने पूर्ण काढायला गेलात तर क्लिअर कोट संपेल आणि ओरखडा राहीलच. त्याच्या कडा जरा मऊ झाल्या, नजरेला कमी टोचल्या, तरी पुष्कळ.

आधी धुऊन क्ले बार (रुतलेले कण उचलणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवा, नाहीतर रंगात रुतलेले कण पॅडमध्ये येतील आणि नव्या रेघा पडतील. मग बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एकच चौकोन घ्या आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा. एवढ्याने जाळं गेलं तर जाड कंपाउंडची बाटली उघडूच नका. निम्मं गेलं तर पॅड बदलून बघा. बहुतेक जण उलट सुरुवात करतात, थेट जाडच लावतात आणि मग त्याच्या खुणा काढत बसतात.

एक खूण सांगतो. मशीनच्या मागच्या चकतीच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय. दाराच्या वळणावर जास्त दाबलंत की रेघ जागच्या जागी थरथरत राहते. मशीन आवाज करतंय, पण काम शून्य. दाब कमी करा, पॅड सपाट धरा, रेघ पुन्हा फिरू लागते. आणि पॅडवर गाडीचा काळा रंग उतरायला लागला तर तिथेच थांबा. एकतर त्या पत्र्यावर क्लिअर कोट नाहीच, नाहीतर तुम्ही तो संपवलाय.

मे महिन्यात करू नका. छपराखालीही पत्रा इतका तापलेला असतो की पॉलिश पसरायच्या आधीच वाळतं आणि नुसती पांढरी पूड उडते.

जिरावण

लोकमान्यनगरकर, एवढं वाचून झालं असेल तर मशीन मित्राला परत द्या आणि पॅड-पॉलिशच्या पैशात काकूंसारखे टॉवेल घ्या.

मरून

माझंही बघा कोणीतरी. जुनी मरून सेडान, वडिलांची. छतावर आणि बॉनेटच्या मध्यावर पांढरट चट्टे आलेत. हाताला खरबरीत लागतात, कडेने बारीक पापुद्रा सुटलाय. दुकानदार म्हणतो, हेवी कंपाउंड मारून काढून देतो. दरवर्षी दिवाळीत पॉलिश व्हायची, पप्पा गाडीच्या बाबतीत फार काटेकोर होते.

पेंटबूथ

मारू देऊ नका. क्लिअर कोट सुटलाय, आता घासायला वर काही शिल्लक नाही. उन्हाचा सगळ्यात जास्त मारा छत आणि बॉनेटवरच बसतो, आणि पॉलिशवालाही सगळ्यात जास्त वेळ तिथेच मशीन फिरवतो. हे दोन पत्रे पुन्हा रंगवा, बाकी गाडीला हात लावू नका. मरून जुळवायला अवघड रंग आहे. रंगाचा कोड गाडीच्या प्लेटवर असेल तर तो घेऊन या, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकणही काढून आणा. कोडवर बनवलेला रंग उन्हाने फिकटलेल्या गाडीशी जुळत नाही, त्या झाकणाशी ताडून बघावा लागतो.

रामबागी

बघा, दरवर्षी करू नका म्हणतो ते यासाठीच.

जिरावण

बघा, करूच नका म्हणतो ते यासाठीच.