फीत आधी गुलाबी नव्हतीच
स्तनाच्या कर्करोगाबद्दलच्या जागृतीचं चिन्ह असलेली गुलाबी फीत ही सौंदर्यप्रसाधनवाल्यांच्याच डोक्यातून निघाली, असं काहीजण म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. त्याआधी शार्लट हेली नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवत होत्या. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला स्तनाचा कर्करोग झालेला. फितींसोबत एक कार्ड असायचं : अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वार्षिक बजेट १.८ अब्ज डॉलर, त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधासाठी. ही फीत लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा. म्हणजे मागणी थेट सरकारकडे, आणि तीही आकड्यासकट!

१९९२ मध्ये 'सेल्फ' या अमेरिकी मासिकाने एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या साथीने ही फीत मागितली. हेलीबाईंनी साफ नकार दिला, फार धंदेवाईक प्रकार वाटला त्यांना. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलून गुलाबी केला गेला. फीत जगभर पोचली, ते कार्ड मात्र मागेच राहिलं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या महिन्यात, प्रोफाइल फोटो गुलाबी करणाऱ्यांवर माझा राग नाही, पण त्या फोटोखाली मागणी कुठली असते? बहुतेकदा नुसतं बदामाचं चिन्ह.