४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ नाही, हे हाताने कसे पडताळावे?

प्रश्न:
२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. ३२ ऐवजी १, २, ४, ८, १६ हे घातांक घेतल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्या मिळतात आणि या पाचही खरोखर मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढच्याही तशाच असणार असे गणितज्ञ फर्मा यांना वाटत होते आणि गणितज्ञ ऑयलर यांनी १७३२ मध्ये ते खोडून काढले, एवढे मला ठाऊक आहे. मी स्वतः २ पासून ५९९ पर्यंतच्या १०९ मूळ संख्यांनी ओळीने भागून पाहिले, दरवेळी बाकी उरली आणि अखेर वही मिटली. वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथवर असेच जायचे का?

प्रतिसाद १:
आणखी सातच मूळ संख्या घेतल्या असत्या, तर ६४१ ने भाग जाऊन ६७,००,४१७ हा भागाकार आला असता. पण एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. समजा, 'प' हा या संख्येचा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३२व्या घाताला प ने भागल्यास बाकी उणे १ (म्हणजे प − १) येते आणि ६४व्या घाताला भागल्यास १. म्हणजे बाकी १ येण्यासाठी लागणारा सर्वांत लहान घातांक ६४ ठरतो आणि फर्मा यांच्याच प्रमेयानुसार (२ च्या (प − १)व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ येते) त्याने (प − १) ला भाग जायला हवा. थोडे अधिक ताणले तर ६४ च्या जागी १२८ घेता येतात. १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या पहिल्या दोन मूळ संख्या २५७ आणि ६४१. तुमच्या संख्येतून २ वजा केले की ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार उरतो, त्यामुळे २५७ न भागताच बाद होते.

प्रतिसाद २:
६४१ ने भाग जातो हे भागाकाराविनाही दिसते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ची बाकी उणे १ आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात याची, बाकी १. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ + १६, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ चालतात. तेव्हा २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, आणि १ मिळवताच शून्य. मला हीच सिद्धता सर्वांत देखणी वाटते.

प्रश्नकर्ता:
६७,००,४१७ तरी मूळ आहे का?

प्रतिसाद १:
आहे. तिच्या विभाजकांनाही तीच अट लागू पडते आणि वर्गमूळ २,५८९ हून कमी असल्याने २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच तपासायच्या. एकीनेही भाग जात नाही.

प्रतिसाद ३:
४,२९,४९,६७,२९७ मूळ नाही, हे विभाजक न शोधताही कळते. कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात फार तर एकाच प्रकारे लिहिता येते. ही मात्र ६५,५३६ व १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांचीही. फर्मा यांच्या प्रमेयावरची चाचणी २ घेऊन केली, म्हणजे २ चा (संख्या − १)वा घात या संख्येने भागला, तर मात्र बाकी १ च येते आणि संख्या मूळ असल्याचा भास होतो. ३ घेतला की पितळ उघडे पडते.