मदत हवी आहे: पिल्लाचा बूस्टर राहिला, आता कोर्स परत पहिल्यापासून?

पाचवा_मजला: कृपया लवकर सांगा. पिल्लाला पहिली लस झाली. बूस्टरच्या तारखेला त्याला जुलाब लागले होते म्हणून डॉक्टरांनी लस पुढे ढकलली, मग ते स्वतःच बाहेरगावी गेले. आता एक डॉक्टर म्हणतात सगळे डोस पहिल्यापासून घ्या, दुसरे म्हणतात एकात भागेल. गणपतीला चिपळूणला जायचंय, पिल्लू सोबत नेणार. कुणाचं ऐकू?

झुळूक: कुठली लस? पिल्लाचं वय? पहिली सुई कधी झाली? कार्डावर बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, ते वाचून लिहा. एवढ्या माहितीवर कोण काय सांगणार?

सह्यकडा: देशी आहे का? असेल तर एवढी धावपळ नको. आमच्या गावच्या घरी कायम चार-पाच कुत्री असायची, एकालाही सुई टोचली नाही. ताकभात खाऊन म्हातारी होऊन गेली.

निशिगंध: @सह्यकडा, जगली ती तुम्हाला दिसली. एकेका वेतातली किती पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात गेली, ते कुणी मोजलं? आमच्या सोसायटीतल्या देशी कुत्रीची सगळी पिल्लं पार्वोने गेली. रक्ताचे जुलाब आणि तो वास विसरता येत नाही. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं. लोकांना 'देशीला काही होत नाही' असं सांगू नका, प्लीज.

राईनकाठ: प्रवासाचा विषय आहे म्हणून सांगतो. आम्ही आमचा लॅब्रा जर्मनीला आणला. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट (लसीने पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते बघणारी) आणि नमुना दिल्यावर ३ महिने थांबायचं. क्रम चुकला तर सगळं परत करावं लागतं.

मनीची_ताई: याच धाग्यात विचारते. माझी मांजर फ्लॅटबाहेर पाऊलही टाकत नाही. तिला लस द्यायची गरज आहे का?

पाचवा_मजला: अहो जर्मनी नाही, चिपळूण! कार्डावर 'सेव्हन इन वन' (सात-एकात लस) लिहिलंय, जूनअखेरची तारीख आहे. वय नक्की माहीत नाही, बांधकामाच्या साइटवर सापडलं. खालचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे दिसेल ते चावतं. परवा मुलाच्या अंगठ्याला दात लागून थोडं रक्त आलं, हळद दाबली. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर देऊ म्हणाले होते, ती बाकी आहे. पण बूस्टरचं सांगा ना कुणीतरी.

पशुवैद्य_सातारा: बूस्टर आत्ता बाजूला ठेवा. मुलाला घेऊन आजच सरकारी रुग्णालयात जा. निघण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. दोन दिवस झाले असले तरी धुवा. हळद, चुना, तेल काही लावू नका. कातडी फाटून रक्त आलं म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम, तिथे लसीसोबत जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. पिल्लू कुठून आलं माहीत नाही, रेबीजची लस नाही. लहान पिल्लांनाही रेबीज होतो.

सह्यकडा: इतकं घाबरवू नका. दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवा, ठीक राहिलं तर विषय संपला. लहान पोराच्या पोटात १४ इंजेक्शनं कशाला?

पशुवैद्य_सातारा: पोटातली इंजेक्शनं बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता दंडात देतात. स्नायूतली असली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीतली असली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून. पिल्लू ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, म्हणून थांबून बघणं यात बसतच नाही.

निशिगंध: १००% सहमत. @पाचवा_मजला, गेलात का? कळवा.

झुळूक: @मनीची_ताई, हो, द्या. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा विषाणू आपल्या चपलांवरूनही घरात येतो. ट्रायकॅट (मांजरांची तीन-एकात लस) आणि रेबीज दोन्ही घ्या.

पाचवा_मजला: जाऊन आलो. लस झाली, जखमेभोवती सीरमही टोचलं. मुलगा खूप रडला. आता पिल्लाचं सांगा.

पशुवैद्य_सातारा: बरं झालं. आता पिल्लू. खालचे पुढचे दात पडायला लागले म्हणजे साधारण चार महिन्यांचं आहे. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लहानपणीची लस वाया जाऊ शकते, म्हणून डोस किती झाले यापेक्षा शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर झाला का, हे बघायचं. सेव्हन इन वनमधल्या पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंपुरते तुमचे दुसरे डॉक्टर बरोबर आहेत, एका डोसात भागेल. त्याच लसीतल्या लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) मात्र वेगळं. जूनची लस धरून चालणार नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने परत दोन डोस हवेत. तिथे पहिले डॉक्टर बरोबर. पण हे सगळं, रेबीजची लससुद्धा, निरीक्षणाचे दहा दिवस संपले की लगेच. आत्ता लस दिली आणि पिल्लू मलूल झालं तर ते लसीमुळे की आणखी कशामुळे, कळणार नाही. आणि त्याला चिपळूणला नेऊ नका. भातखाचरात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, पावसाळ्यात तर जास्तच.

पाचवा_मजला: मग बहिणीकडे ठेवतो, ती घरीच असते. पण मुलाचा तिसरा डोस गणपतीतच येतोय. चिपळूणला मिळेल का?

परशुराम_घाट: कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. निघायच्या आधी फोन करून लस आहे का ते पक्कं करा. मुलाचं कार्ड सोबत न्या आणि इंजेक्शन कातडीत दिलंय की स्नायूत ते वाचून घ्या, तिथे पहिलं तेच विचारतील.

पशुवैद्य_सातारा: आणि बहिणीला सांगून ठेवा, पिल्लाने खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, आवाज बदलला किंवा ते कुठे निघून गेलं, तर त्याच दिवशी तुम्हाला आणि रुग्णालयाला कळवायचं. हात लावायचा नाही.