लंडनात पंप मोजून पब निवडू नका

कृष्णाकाठ:
परवा 'प्रवासी पक्षी' यांनी लंडन ट्रिपवर लिहिलं की कास्क एल (पबातल्या पिंपातून हातपंपाने ओढून देतात ती इंग्लिश बिअर) म्हणजे कोमट, गॅस गेलेली बिअर, आणि तरी प्यायचीच असेल तर जिथे सगळ्यात जास्त हँडपंप दिसतील त्या पबात शिरा. पहिलं वाक्य आवडीनिवडीचं म्हणून सोडून दिलं असतं, पण दुसरं वाचून राहवलं नाही. असे सल्ले ऐकूनच लोक शिळी बिअर पितात आणि मग घरी येऊन पहिलं वाक्य सांगत सुटतात.

अहो, कास्कमधली बिअर जिवंत असते. पिंपात यीस्ट असतं, शेवटचं आंबणं तिथेच होतं, वरून गॅस मारत नाहीत. पिंप लावलं की दर पाइंटमागे आत हवा शिरते, त्यामुळे तीनेक दिवसांत ते संपायलाच हवं. एका फर्किनमध्ये, म्हणजे पबातल्या नेहमीच्या पिंपात, 72 पाइंट. आता मंगळवारची दुपार, पंप 12, म्हणजे पिंपंही 12, आणि गिऱ्हाईक पाच, करा हिशेब! नीरेसारखं आहे हे, वेळेत प्यायली तर अमृत. चार पंपांचा पण गजबजलेला पब कधीही बरा. आणि कोमट म्हणाल तर ती 11 ते 13 अंशांवर देतात, आपल्याला चिल्डची सवय म्हणून तशी लागते.

कॉव्हेंट गार्डनजवळ चँडॉस प्लेसला द हार्प आहे, बोळासारखा अरुंद, संध्याकाळी निम्मे लोक बाहेर उभे. कॅम्राचा, म्हणजे कास्क एलसाठी झटणाऱ्या ब्रिटिश ग्राहक संघटनेचा, 2010 चा देशातला सर्वोत्तम पब. लंडनच्याच बरो भागात टॅबर्ड स्ट्रीटवर रॉयल ओक, तिथे हार्वीज ब्रुअरीची ससेक्स बेस्ट घ्या, फक्त 4 टक्के, तांबूस, मागून छान कडवट. कॅम्राची गुड बिअर गाइड दरवर्षी निघते, तिथले सभासद स्वतः पिऊन पब निवडतात, ती बघा. गुगलवरचे स्टार बिअरला नाही, फिश अँड चिप्सला दिलेले असतात.

प्रवासी पक्षी:
माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून लिहितोय. चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाने पिंप कधी लावलं याची चौकशी करत फिरायचं का? बायको दमलेली, मुलगी भुकेली, दोन पबांत किचन बंद, तिसऱ्यात लहान मूल चालणार नाही म्हणाले. शेवटी जिथे बसायला मिळालं तिथे पाइंट घेतला तर चक्क व्हिनेगर. बारवाल्याला सांगितलं तर म्हणे रिअल एल (कास्क एलचंच दुसरं नाव) अशीच लागते. एवढे पैसे देऊन आंबट पाणी प्यायलो, आता तुम्ही मला हवेचं शास्त्र शिकवा.

कृष्णाकाठ:
तो बारवाला खोटं बोलला. व्हिनेगरचा वास आला तर ग्लास परत करायचा, धड पब मुकाट बदलून देतो, वाद घालत नाही. आणि आधी चव मागायची, घोटभर फुकट देतात. पंपावरचा बिल्ला उलटा फिरवलेला असेल तर ती बिअर संपली किंवा अजून तयार नाही.

शेफिल्डकर:
मुळात लंडनला कशाला? सेंट पँक्रासहून गाडीत बसा, दोन तासांच्या आसपास शेफिल्ड. स्टेशनातच शेफिल्ड टॅप, रेल्वेची जुनी रिफ्रेशमेंट रूम, उंच छत, टाइल्स, बघत राहावं असं. पुढे केल्हम आयलंडला फॅट कॅट, 1981 पासूनचा, आणि जवळच केल्हम आयलंड टॅव्हर्न, ज्याने कॅम्राचा देशातला पहिला नंबर 2008 आणि 2009 असा लागोपाठ काढला. टॅव्हर्नला पंप भरपूर आहेत आणि बिअर ताजी असते, तेव्हा कृष्णाकाठ, तुमचा नियम इथे चालत नाही. वर आमच्याकडे पंपाच्या नळीला स्पार्कलर (बारीक भोकांची तोटी) लावतात, दाट साईसारखा फेस येतो. लंडनची बिअर बघून तोंड वाकडं होतं ते उगाच नाही.

कृष्णाकाठ:
टॅव्हर्नला गर्दीही तेवढीच असते, म्हणजे मी म्हणतो तेच. स्पार्कलरने फेस येतो पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास मरतो. ससेक्स बेस्टला तो लावणं पाप आहे.

मंजिरी:
एवढं सगळं लिहिलंत पण ही बिअर नितळ व्हायला माशाच्या पोटातली पिशवी घालतात हे कुणीच सांगितलं नाही. आयझिंग्लास. माझे सासरे कट्टर शाकाहारी, मुलाकडे गेल्यावर रोज हौसेने अर्धा पाइंट घ्यायचे. कळल्यावर दोन दिवस धड जेवले नाहीत. किळस आली हो.

शेफिल्डकर:
ते यीस्टबरोबर तळाशी बसतं, ग्लासात जवळजवळ काही येत नाही. आणि परदेशातलं चीज खाताना रेनेट (वासराच्या जठरातलं विरजण) विचारता का?

मंजिरी:
विचारते. प्रत्येक वेळी विचारते. 'जवळजवळ' हा शब्द तुमच्यासाठी ठीक आहे.

सातपाटीची:
किळस? आमच्याकडे घोळ माशाचं बोत, म्हणजे तीच पोटातली पिशवी, निघालं की घरात दिवाळी. व्यापारी किनाऱ्यावर उभे राहून भाव करतात. माझ्या बाबांनी घोळीच्या पैशात जाळी घेतली, माझी फी भरली. ते बोत हातात घेतलंय मी, पांढरं, रबरासारखं, उन्हात वाळलं की कागदासारखं कडक. खाऊ नका, पिऊ नका, पण किळस म्हणू नका.

मंजिरी:
तुमच्या धंद्याला बोलले नाही. न सांगता पाजलं यावर बोलतेय. पण किळस शब्द मागे घेते.

सातपाटीची:
बरं. न सांगता पाजणं चूकच.

शेफिल्डकर:
अनफाइन्ड, म्हणजे नितळ न केलेली मागा, गढूळ असते पण मासा नाही. ब्रिस्टलची मूर ब्रुअरी तशीच बनवते. गिनेसने पण 2015 मध्ये आयझिंग्लास बंद करणार म्हणून जाहीर केलं होतं.

मंजिरी:
हे आधी सांगितलं असतंत तर सासऱ्यांच्या पोटात दोन घास तरी गेले असते.

प्रवासी पक्षी:
धागा माझ्यावर होता, मासळीबाजारात गेला. ठीक आहे, पंप मोजायचं सोडतो, एवढंच मान्य. जूनमध्ये ऑफिसच्या कामाला जातोय, हार्पला जाईन. आंबट निघाली तर इथेच येऊन लिहीन.

कृष्णाकाठ:
लिहा. फक्त साडेपाचच्या आत पोचा, नंतर आत उभं राहायलाही जागा नसते.