सरंजामशाही की मक्तेदारी?

प्रश्न : उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या नोल्सोयच्या पॉलवरचा (जन्म १७६६) लेख मराठीत आणते आहे. 'सरंजामशाहीला आव्हान देणारा दर्यावर्दी सुधारक' असं लिहिलं, पण खटकतंय. सरंजाम शब्द इथे चालेल?

उत्तर : माझ्या मते नाही. सरंजाम फारसीतून आला. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या मुलखाचा वसूल म्हणजे सरंजाम. 'लग्नाचा सरंजाम' म्हणतो, तिथेही तयारी, साधनसामग्री हाच अर्थ आहे. फेरोत असं एक प्रकरण जरूर झालं, पण पॉलच्या आधी. डेन्मार्कच्या राजाने ही बेटं आपल्या मर्जीतल्या गाबेलला दिली, पुढे त्याच्या मुलाकडे राहिली. फौजेची अट नाही, त्यामुळे तिथेही मी 'जहागीर' म्हणेन. १७०९ मध्ये व्यापार राजाने स्वतःच्या हाती घेतला. पॉल लढला तो याच्याशी. लोकरीचे मोजे विकायचे तर राजधानी तोर्सहाव्नच्या एकाच सरकारी वखारीत, धान्यही तिथूनच, भाव वरून ठरलेले. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : मक्तेदारी.

शंका : पण मक्ता म्हणजे ठेका ना? बाजाराचा मक्ता, ताडीचा मक्ता. राजाने कुणाकडून मक्ता घेतला?

उत्तर : कुणाकडूनच नाही, शंका रास्त आहे. पण 'मक्तेदारी' मक्त्यापासून कधीच सुटली. 'ही काय तुझी मक्तेदारी आहे?' विचारताना कागदावरचा करार कुणाच्या मनात नसतो. दुसऱ्याला शिरकाव नाही, एवढंच असतं. पॉलची तक्रार हीच होती. फुटलेल्या जहाजाचं लाकूड घेऊन त्याने सोबत्यांसह १८०४ मध्ये स्वतःचं जहाज बांधलं. नाव 'रॉयन्दिन फ्रुइया', म्हणजे 'सुंदर प्रयत्न'. इथे 'प्रयोग' नको. त्यात प्रयोगशाळेचा वास येतो.

प्रश्न : पॉलने रचलेल्या पक्षिगीतातला 'चाल्दुर' हा पक्षी कसा आणू?

उत्तर : चाल्दुर तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'लाल लांब चोचीचा, काळा-पांढरा, कालवं फोडून खाणारा पक्षी' एवढं जोडा. हिवाळ्यात तो कोकण किनाऱ्यावरही येतो, वाचकाला अनोळखी वाटणार नाही. गीतात शिकारी पक्षी म्हणजे डॅनिश अंमलदार आणि लहान पाखरांना सावध करणारा चाल्दुर म्हणजे खुद्द पॉल. म्हणून तिथे 'ओरडतो' नको, 'हाकारा देतो' लिहा. १८०८-०९ च्या हिवाळ्यात लंडनहून धान्य आणताना पॉल समुद्रात नाहीसा झाला. मक्तेदारी उठली ती १८५६ मध्ये.