मदत हवी आहे: पोस्टजीआयएसचा बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोर होत नाहीये

मंडळी, मिठी नदीकाठी कुर्ला-कलिना पट्ट्यात पाणी कुठे तुंबतं त्याचा डेटा जुन्या सर्व्हरवर पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशाचा डेटा ठेवायची जोडणी) 2.5 मध्ये होता, नव्यावर 3 टाकलंय आणि रिस्टोर चालवलं की 2.5 ची लायब्ररी फाइल सापडत नाही म्हणून एरर येतात, जिओमेट्रीवाली (नकाशावरचे बिंदू, रेषा, आकार असलेली) टेबलं बनतच नाहीत, साधी टेबलं मात्र नीट आलीत. जुना डेटाबेस एक्स्टेन्शनने (एका कमांडने टाकायच्या जोडणीने) नाही, स्क्रिप्ट चालवून बनवलेला, म्हणून पोस्टजीआयएसची जुनी फंक्शन्सपण डंपमध्ये (बॅकअप फाइलमध्ये) आलीत. डंप कस्टम फॉरमॅटमध्येच आहे. रिकाम्या डेटाबेसमध्ये आधी एक्स्टेन्शन बनवून मग पोस्टजीआयएसची रिस्टोरवाली पर्ल स्क्रिप्ट वापरायची ना? रास्टर (फोटोसारखा, चौकटींचा नकाशा-डेटा) पोस्टजीआयएस 3 पासून वेगळं एक्स्टेन्शन झालंय, तेही आधीच टाकायचं का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, लोकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून गोळा केलेला डेटा आहे हा, पावसाळ्याआधी नकाशे वस्तीत पोचायलाच हवेत.