‘फेझ’ हे इंग्रजी क्रियापद: झेड लिहावा की पीएच चालू द्यावे?

मुद्रितशोधक

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी प्रकल्प-अहवाल तपासताना एक चूक इतक्या वेळा समोर येते की तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. ‘अडचणींनी आमचा गट डगमगला नाही’ हा आशय इंग्रजीत मांडताना विद्यार्थी बोलभाषेतले ‘फेझ’ हे क्रियापद वापरतात. त्याचे स्पेलिंग एफ-ए-झेड-ई असे आहे; पण अहवालात उतरते ते पी-एच-ए-एस-ई, म्हणजे ‘टप्पा’ किंवा ‘अवस्था’ या अर्थाच्या निराळ्या शब्दाचे.

ही चूक आपल्याकडे का होते, हे समजण्यासारखे आहे. दोन्ही शब्दांचा इंग्रजी उच्चार एकच आहे आणि देवनागरीत आपण एरवी दोन्हींसाठी ‘फेज’च लिहितो. ‘हिंजवडी फेज थ्री’ ही पाटी रोज पाहणाऱ्या किंवा शेतपंपासाठी थ्री फेज वीज कधी येते याची वाट पाहणाऱ्या घरातून आलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे पीएचचेच रूप येणार.

तरीही हे शब्द दोन आहेत आणि त्यांची कुळेही दोन आहेत. ‘टप्पा’वाला शब्द ग्रीकमधील ‘फासिस’ या ‘दिसणे, प्रकट होणे’ अशा अर्थाच्या नामापासून आला आणि इंग्रजीत तो प्रथम चंद्राच्या कलांसाठी रुळला. त्यामागच्या ग्रीक क्रियापदाचे मूळ आणि संस्कृतातील ‘भा’ धातू एकच मानतात. त्यामुळे प्रभा, आभास हे आपले शब्द त्याचे दूरचे नातलग ठरतात. ‘फेझ’ मात्र अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्या भाषाकुळातला आहे. जुन्या इंग्रजीत ‘फेसियन’ म्हणजे हाकलून देणे, पळवून लावणे; मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे ‘फेसेन’ झाले, पुढे ‘फीझ’ या बोलीरूपात घाबरवण्याचा अर्थ आला, आणि १८३० च्या सुमारास अमेरिकेत ‘फेझ’ हे रूप ‘विचलित करणे’ या सौम्य अर्थाने लिहिलेले सापडते. हाकलणे, घाबरवणे, मग केवळ गडबडवून टाकणे असा हा उतरता प्रवास आहे. ग्रीक कुळाची खूण असलेले पीएच त्याला चिकटवणे म्हणजे त्याचा वंश बदलणे, असे माझे मत आहे, आणि म्हणून मी ही चूक धरतो.

नदीकाठ

आपली व्युत्पत्ती मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पीएच ही ग्रीक कुळाची खूण म्हणावी, तर याच शब्दाच्या पूर्वजाला ती चारशे वर्षांपूर्वी लावलेली आढळते. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाचे पहिलेच वाक्य पाहावे. फोडलेल्या पेल्यांचे पैसे मागणाऱ्या खाणावळवालीला दारूच्या नशेतला क्रिस्टोफर स्लाय ‘तुला सरळच करतो’ अशा अर्थाने दम भरतो, आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, ते क्रियापद पीएच घालून, पी-एच-डबल ई-झेड-ई असे छापलेले आहे.

दुसरे असे की, चुकीतून रूढ झालेली स्पेलिंगे इंग्रजीत कमी नाहीत. ‘आयलंड’ या शब्दातील एस लॅटिन कुळातील ‘आइल’शी चुकीचे नाते जोडल्यामुळे शिरला, आणि ‘कुड’मधील एल ‘वुड’ व ‘शुड’ यांच्याकडे पाहून आला. आज हे एस आणि एल गाळणाऱ्यालाच आपण चूक ठरवतो.

आणि आपल्या घरचे काय? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा ‘नांव’ आणि होडी या अर्थाची ‘नाव’ हे दोन शब्द लेखनात एक झाले. व्युत्पत्तीची खूण गेली. तरी त्यानंतरच्या पिढ्यांना ‘त्याचे नाव काय’ आणि ‘नाव किनाऱ्याला लागली’ यांत कधी घोटाळा झालेला नाही, कारण अर्थ संदर्भातून कळतो. मग परक्या भाषेतील एका अनौपचारिक क्रियापदासाठी आपण तिच्या भाषकांहून अधिक कठोर का व्हावे?

शब्दवेध

फोलिओचा दाखला मोलाचा असला तरी तो आपल्या बाजूने उभा राहत नाही. त्या काळी इंग्रजी स्पेलिंगे स्थिर नव्हती, एकाच पुस्तकात एक शब्द दोन-तीन प्रकारे छापला जाई. शिवाय तिथे पीएच असले तरी शब्द ‘फीझ’ आहे आणि पुढे झेडही आहे. ‘टप्पा’वाल्या शब्दाशी तो तेव्हाही मिसळलेला नव्हता.

‘नांव’चे उदाहरणही इथे पुरते लागू पडत नाही. तिथे नियम ठरला, तो सर्व शब्दांना सारखा लागू झाला आणि शाळांतून शिकवला गेला. इथे लिहिणाऱ्याला आपण दोन शब्द एक करतो आहोत याची जाणीवच नसते. आणि एक अडचण व्यवहारातली आहे. पीएचवाला शब्द स्वतःही क्रियापद आहे. ‘टप्प्याटप्प्याने राबवणे’ किंवा ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ यासाठी तो प्रकल्प-अहवालांत नित्य येतो. ज्या पानावर कामाचे टप्पे मांडलेले आहेत, त्याच पानावर तेच स्पेलिंग ‘डगमगणे’ या अर्थाने आले, तर संदर्भ मदत करण्याऐवजी वाचकाला चुकीच्या दिशेने नेतो.

नदीकाठ

व्यवहारातली अडचण मला पटते. मात्र ‘आयलंड’च्या बाबतीत कोणत्याही मंडळाने ठराव केला नव्हता, तिथेही लिहिणाऱ्यांना जाणीव नव्हतीच. त्यामुळे नकळत झालेला बदल भाषा स्वीकारत नाही, हे विधान मी मान्य करणार नाही.

ओवीकार

दोन्ही पक्षांनी स्पेलिंगवर भर दिला, पण या क्रियापदाचा स्वभाव अधिक लक्ष देण्याजोगा आहे. ते बहुधा नकारार्थी वाक्यातच येते: कशानेच तो विचलित झाला नाही, टीकेने ती डगमगली नाही. मराठीत याचे उत्तम जोडीदार आहेत. ‘मी धमक्यांना भीक घालत नाही’ असे आपण म्हणतो. ‘मी धमक्यांना भीक घातली’ असे कोणी म्हणत नाही. ‘तमा न बाळगता’ हेही तसेच. ज्या विद्यार्थ्याला ‘भीक न घालणे’ मनापासून कळते, त्याला ‘फेझ’ कुठे शोभते हे पटकन समजावून देता येईल, आणि ‘टप्पा’शी त्याचा काही संबंध नाही हेही त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येईल.

मुद्रितशोधक

‘वंश बदलणे’ हा माझा शब्द जड होता, तो मी मागे घेतो. ‘आयलंड’चा मुद्दा खोडण्यासारखा नाही. पण आजच्या इंग्रजी शब्दकोशांत या क्रियापदाचे प्रमाण रूप झेडचेच आहे, आणि नोकरीसाठी अहवाल दाखवणाऱ्या मुलाची परीक्षा आजच्या वाचकापुढे होते, पुढच्या शतकातल्या नव्हे. म्हणून दुरुस्ती मी करत राहीन. फक्त यापुढे नुसती लाल खूण न करता शेजारी ‘भीक घातली नाही’ असे मराठीत लिहीन, आणि औपचारिक अहवालात हे बोलभाषेतले क्रियापद हवेच का, हेही त्या मुलाला विचारीन.